एक रोख हप्ता आणि सात लाखांची दरखास्त: हप्तेबंदीच्या हुकूमनाम्यात थकबाकीच वादात असते तेव्हा

या प्रकरणातले पक्ष, तारखा आणि रकमा हिशेब नीट दिसावा म्हणून रचलेल्या आहेत. कायदा आणि कामाचा क्रम मात्र महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांत चालतो तोच. हुकूमनामा म्हणजे दाव्यात न्यायालयाने दिलेला निर्णय, आणि दरखास्त म्हणजे तो अंमलात आणण्यासाठी केलेला अर्ज.

हुकूमनामा

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी आपला बिगरशेती प्लॉट विकायचा करार केला. घेणारे एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी ९,००,००० रुपये इसार दिला. शिक्षकांच्या भावांनी प्लॉट वडिलोपार्जित असल्याची हरकत घेतली, खरेदीखत रखडले, आणि इसार व्याजासह परत मिळावा म्हणून वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दावा लागला. ४ जुलै २०२२ रोजी उभयतांनी तडजोड पुरसीस (न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन) दिली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३ प्रमाणे तिच्यावर हुकूमनामा झाला.

अटी अशा होत्या. प्रतिवादीने (शिक्षकांनी) १०,८०,००० रुपये देणे मान्य केले: इसार ९,००,००० आणि मागील व्याज १,८०,०००. त्याने दरमहा १० तारखेपर्यंत ५०,००० रुपयांप्रमाणे ऑगस्ट २०२२ पासून १८ हप्ते भरले, तर ९,००,००० मध्ये हिशेब मिटेल आणि वादी १,८०,००० सोडून देईल. ‘लागोपाठ दोन हप्ते थकल्यास’ ही सवलत रद्द होईल, आणि १०,८०,००० मधून भरलेले पैसे वजा जाता राहिलेली सगळी रक्कम, त्या शिल्लक रकमेवर हुकूमनाम्याच्या तारखेपासून द.सा.द.शे. ९ सरळव्याजासह, एकदम वसूल करता येईल. पैसे वादीच्या बँक खात्यात किंवा न्यायालयात भरायचे.

‘थकल्यास’ म्हणजे काय, हे पुरशिसीत कोणी लिहिले नाही. दहा तारीख उलटली की थकला, की पुढचा हप्ता येईपर्यंत न भरल्यास थकला? उशिरा आलेला हप्ता वादीने घेतला तर काय? आलेले पैसे जुन्या हप्त्याकडे वळवायचे की चालू? वादीच्या घरातल्या माणसाकडे दिलेले पैसे चालतील का? तडजोडीच्या दिवशी दोन्ही वकिलांना घाई असते, पक्षकार थकलेले असतात, आणि हे चार प्रश्न पुढे दरखास्तीच्या न्यायाधीशापुढे जाऊन पडतात. पुरशिसीत चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर या दरखास्तीतला निम्मा वाद उद्भवलाच नसता.

पैसे कसे आले

ऑगस्ट ते डिसेंबर २०२२ चे पाच हप्ते वेळेवर, बँकेतून बँकेत.
जानेवारी २०२३ चा हप्ता २४ जानेवारीला. फेब्रुवारीचा २७ फेब्रुवारीला. दोन्ही वादीने बिनतक्रार घेतले.
मार्चचा हप्ता: शिक्षक म्हणतात, ९ मार्चला ५०,००० रोख वादीच्या मेहुण्याकडे दिले. वादी म्हणतात, मिळालेच नाहीत.
एप्रिलचा हप्ता: ९ तारखेला चेक दिला, १३ तारखेला खात्यात पुरेशी रक्कम नाही म्हणून परत आला.
मेचा हप्ता: १५ तारखेला ५०,००० यूपीआयने वादीच्या मुलाच्या खात्यावर. वादी म्हणतात, ते मुलाने विकलेल्या जुन्या स्कूटरचे पैसे.
जूनचा हप्ता: काहीच नाही.

१२ जून २०२३ रोजी शिक्षकांनी मार्च आणि मे या दोन्ही रकमांची हुकूमनाम्यात नोंद व्हावी म्हणून किरकोळ अर्ज केला. २६ जूनला वादीने विशेष दरखास्त दाखल केली. या दोन तारखांमध्ये बराचसा निकाल दडलेला होता.

मागणीतला फरक

दरखास्तदाराचा (वादीचा, म्हणजेच हुकूमनामाधारकाचा) हिशेब: मान्य भरणा सात हप्त्यांचा, म्हणजे ३,५०,०००. १०,८०,००० वजा ३,५०,००० बरोबर ७,३०,०००. त्यावर ९ टक्क्यांनी दिवसाला १८० रुपये. ४ जुलै २०२२ ते २६ जून २०२३ हे ३५७ दिवस, म्हणून व्याज ६४,२६०. एकूण ७,९४,२६०.

ऋणकोचा (शिक्षकांचा) हिशेब: नऊ हप्ते भरले. थकले ते एप्रिल आणि जून, पण ते लागोपाठ नाहीत. म्हणून आज देणे फक्त १,००,०००, बाकीचे हप्ते ठरल्या तारखांना.

दरखास्तीच्या पहिल्या मसुद्यात व्याज पूर्ण १०,८०,००० वर धरले होते. त्याने आकडा ९५,०७० वर गेला होता. हुकूमनाम्यात ‘शिल्लक रकमेवर’ असे स्वच्छ लिहिलेले असताना ही चूक नाझराच्या (न्यायालयातल्या हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) तपासणीत सापडली तर दुरुस्ती आणि एक तारीख एवढेच नुकसान होते. ऋणकोच्या वकिलाला सापडली तर तो पहिल्याच म्हणण्यात दरखास्त फुगवलेली असल्याचे लिहितो, आणि मग खऱ्या मुद्द्यावर यायला दोन-तीन तारखा जातात.

दरखास्तीचा कागद

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ११(२) प्रमाणे (पुढे नुसता ‘नियम’ म्हणजे आदेश २१ चा, नुसते ‘कलम’ म्हणजे याच संहितेचे) दरखास्तीत दाव्याचा क्रमांक, पक्ष, हुकूमनाम्याची तारीख, अपील झाले का, आतापर्यंत किती पैसे आले, किती बाकी, व्याज, आधीच्या दरखास्ती आणि कोणत्या मार्गाने वसुली हवी हे सगळे रकाने भरावे लागतात. सोबत हुकूमनाम्याची नक्कल, व्याजाचा तक्ता आणि सत्यापन.

त्यातला सगळ्यात धोक्याचा रकाना ‘हुकूमनाम्यानंतर आलेले पैसे’ हा. दरखास्तदाराने इथे मेचे ५०,००० दाखवले नाहीत. त्यांना ते स्कूटरचे वाटत असतील, तरी ‘१५ मे रोजी मुलाच्या खात्यावर रक्कम आली, ती वेगळ्या व्यवहाराची आहे’ असे लिहायला हवे होते. न्यायालयाबाहेर आलेल्या पैशांची नोंद करून देणे ही नियम २(१) प्रमाणे हुकूमनामाधारकाचीच जबाबदारी आहे. रकाना कोरा ठेवला आणि रक्कम नंतर बँकेच्या उताऱ्यात निघाली, की त्यांच्या बाकीच्या शब्दांचेही वजन घटते.

मुदतीचा प्रश्न इथे नव्हता. मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद १३६ प्रमाणे बारा वर्षे मिळतात, आणि ठरावीक तारखांना पैसे द्यायचे असतील तर ती ज्या हप्त्याची वसुली हवी त्या हप्त्याच्या कसुरीपासून मोजायची. हुकूमनामा दोन वर्षांच्या आतला असल्याने नियम २२ ची नोटीसही बंधनकारक नव्हती. तरीही न्यायालयाने नोटीस काढली. थकबाकीच वादात येणार हे दिसत असताना आधी जप्ती आणि मग सुनावणी करण्यापेक्षा ते बरेच झाले.

रोख दिलेले पैसे

ऋणकोकडे मार्चबाबत तीन गोष्टी होत्या: ८ मार्चला बँकेतून ५०,००० काढल्याची पासबुकातली नोंद, स्वतःच्या डायरीत ‘मार्चचा हप्ता दिला’ अशी ओळ, आणि त्या वेळी सोबत असलेल्या सहकारी शिक्षकाची साक्ष. पावती नाही, मेसेज नाही.

पैसे काढल्याची नोंद एवढेच सांगते की पैसे त्यांच्या खात्यातून बाहेर गेले. ते कुठे पोचले हे ती सांगत नाही. पण अडचण पुराव्याच्याही आधी सुरू होते. आदेश २१ नियम १ प्रमाणे हुकूमनाम्याचे पैसे न्यायालयात भरता येतात, किंवा न्यायालयाबाहेर हुकूमनामाधारकाला मनीऑर्डरने, बँकेतून किंवा लेखी पुरावा राहील अशा अन्य रीतीने देता येतात, किंवा न्यायालय सांगेल तसे. बिनपावतीची रोख, आणि तीही मेहुण्याच्या हाती, यातल्या कशातच बसत नाही. नियम २(२अ) सांगतो की ऋणकोच्या अर्जावरून नोंद व्हायची तर पैसे नियम १ च्या रीतीने दिलेले हवेत, किंवा कागदोपत्री पुरावा हवा, किंवा हुकूमनामाधारकाची कबुली हवी. आणि नियम २(३) चा दरवाजा फार जड आहे: ज्या भरण्याची नोंद झालेली नाही, तो हुकूमनाम्याची अंमलबजावणी करणारे न्यायालय विचारातच घेत नाही.

कलम ४७ खाली अंमलबजावणीचे सगळे वाद याच न्यायालयाने ऐकायचे असतात, म्हणून मार्चचा भरणाही ऐका, असा ऋणकोचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने सुलताना बेगम विरुद्ध प्रेमचंद जैन (१९९७) या निकालात कलम ४७ आणि नियम २ एकत्र वाचायला सांगितले आहे. कलम ४७ ची व्यापक भाषा नोंद नसलेल्या भरण्याला मागच्या दाराने आत आणू शकत नाही.

शिवाय मुदत. नोंदीसाठी ऋणकोने करायच्या अर्जाला अनुच्छेद १२५ प्रमाणे पैसे दिल्यापासून फक्त ३० दिवस मिळतात. ९ मार्चची मुदत ८ एप्रिलला संपली. अर्ज आला १२ जूनला. उशीर माफीचा अर्जही चालत नाही, कारण मुदत कायद्याचे कलम ५ स्वतःच आदेश २१ खालच्या अर्जांना वगळते. ही ३० दिवसांची अट बहुतेक ऋणकोंना माहीत नसते. पैसे दिले की विषय संपला असे त्यांना वाटते, आणि हुकूमनाम्याच्या कागदावर ते पैसे कधी उतरतच नाहीत.

मार्चचे पैसे खरोखर दिले असतील तर शिक्षकांना ते वेगळ्या दाव्याने मागता येतील. नियम २(३) चे बंधन अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयापुरते आहे. या दरखास्तीत मात्र मार्च थकलेला धरावा लागला.

चेक आणि यूपीआय

एप्रिलवर फार चर्चा झाली नाही. चेक देणे म्हणजे सशर्त देणे. वटला तर चेक दिला त्या तारखेला पैसे दिले असे धरता येते, न वटल्यास काहीच दिलेले नसते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची फिर्याद हा त्याखेरीजचा मार्ग. चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, १५ दिवस वाट, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. दरखास्तदाराने ती केली नाही. एका हप्त्यासाठी फौजदारी न्यायालयाच्या तारखा सोसायच्या की नाही हा हिशेबाचा प्रश्न होता, आणि इथे तो निर्णय योग्य होता.

मेचा मुद्दा रंगला. अर्ज १२ जूनचा, भरणा १५ मेचा, म्हणजे ३० दिवसांच्या आत. पैसे बँकिंग मार्गाने गेलेले, पण हुकूमनामाधारकाच्या नव्हे तर मुलाच्या खात्यात. इथे ऋणकोला मुलाकडे पैसे घेण्याचा अधिकार होता हे दाखवायचे होते. १४ मेचा वादीचा व्हॉट्सॲप मेसेज कामी आला: ‘सर, ह्या वेळचे माझ्या खात्यात नको, मुलाच्या नंबरवर टाका.’ मेसेजसोबत भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र जोडलेले होते. (१ जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या कामांत हेच प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली, ठरवून दिलेल्या नमुन्यात द्यावे लागते.) नुसता स्क्रीनशॉट छापून जोडलेला असतो तेव्हा तो निशाणी पडण्यापाशीच (पुरावा म्हणून क्रमांक मिळण्यापाशीच) अडतो.

स्कूटरच्या गोष्टीला दरखास्तदाराने आधार दिला नाही. विक्रीचा कागद नाही, आरटीओतले हस्तांतर नाही, आणि उलटतपासात गाडी कोणाला विकली हेही नीट सांगता आले नाही. मेसेजमधले ‘ह्या वेळचे’ हे शब्द चालू हप्त्याकडेच बोट दाखवत होते. न्यायालयाने मेचा हप्ता ५ दिवस उशिरा पण मिळालेला धरला आणि नियम २ खाली तशी नोंद केली.

‘लागोपाठ दोन’ची मोजणी

आता चित्र असे: मार्च, एप्रिल, मे, जून या चार हप्त्यांपैकी एकच सिद्ध झाला.

ऋणकोच्या वकिलांनी तो एक हप्ता वेगवेगळ्या जागी ठेवून पाहिला. मेला धरला तर मार्च आणि एप्रिल रिकामे राहतात. सगळ्यात जुन्या बाकीकडे, म्हणजे मार्चकडे वळवला तर एप्रिल, मे, जून रिकामे. एप्रिलला लावला तर मे आणि जून. चार खान्यांत एकच सोंगटी असेल तर दोन रिकामे खाने शेजारी येणारच. दोन सोंगट्या असत्या तरच मार्च आणि मे भरून एप्रिल आणि जून सुटे राहिले असते. १,००,००० देणे की सात लाखांच्या पुढे, हे त्यामुळे मार्चच्या त्या एका पावतीवर लटकले होते.

पैसे कोणत्या देण्याकडे वळवायचे यासाठी करार कायद्याची कलमे ५९ ते ६१ पुढे केली गेली. ती कलमे वेगवेगळ्या कर्जांसाठी आहेत. हुकूमनाम्यानंतरचे पैसे हुकूमनाम्याच्या अटींप्रमाणे किंवा पक्षांच्या ठरावाप्रमाणेच वळते होतात, हे इंडस्ट्रियल क्रेडिट विरुद्ध स्मिताबेन पटेल (१९९९) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून स्पष्ट आहे.

पुढचा मुद्दा माफीचा. जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोन हप्तेही लागोपाठ उशिरा आले होते, आणि दरखास्तदाराने दरखास्तीत तेही कसूर म्हणून मोजले होते. हा त्यांचा कच्चा दुवा. जो हप्ता उशिरा पण पूर्ण आला आणि बिनतक्रार घेतला, त्याची कसूर तिथेच भरून निघते. चार महिन्यांनी ती उकरून काढता येत नाही. उलट बाजूने ऋणको म्हणत होते की मेचा हप्ता मागून घेतला म्हणजे मार्च-एप्रिलची कसूरही माफ केली. हे टिकले नाही. मार्च आणि एप्रिलचे पैसे कधी आलेच नाहीत. मेचे ५०,००० तसेही देणेच होते, ते घेतल्याने आधीची भोके बुजत नाहीत. दरखास्तदाराने मे महिन्यातच ‘आधीचे दोन हप्ते बाकी ठेवून स्वीकारले’ असा एक मेसेज पाठवला असता तर या युक्तिवादाला जागाच उरली नसती.

दहा तारखेला न्यायालय बंद असण्याचा प्रश्न इथे आला नाही, पण हप्त्यांच्या कामात तो हमखास येतो. पैसे न्यायालयात भरायचे असतील आणि त्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम १८९७ च्या कलम १० मुळे उघडल्याच्या दिवशी भरलेले वेळेवर धरतात. वादीच्या खात्यात भरायचे असतील तर ही सवलत आपोआप लागत नाही. मेच्या उन्हाळी सुट्टीत दहा तारीख आली म्हणून शांत बसणाऱ्याने आपण पैसे कुठे भरणार आहोत हे आधी पाहावे.

दंड की सवलत

शेवटचा आक्षेप: ५०,००० च्या दोन हप्त्यांसाठी १,८०,००० जास्त आणि वर व्याज ही दंडात्मक अट आहे, न्यायालयाने ती लागू करू नये.

इथे हुकूमनाम्याची मांडणी निर्णायक ठरली. मूळ देणे १०,८०,००० मान्य केलेले होते. वेळेवर भरल्यास त्यातले १,८०,००० सोडायचे, ही सवलत होती. सवलतीची अट मोडली की मूळ देणे परत उभे राहते, त्याला दंड म्हणत नाहीत. सवलत आणि दंड यांतला हा भेद सर्वोच्च न्यायालयाने पृथ्वीचंद रामचंद सबलोक विरुद्ध एस. वाय. शिंदे (१९९३) मध्ये समजावला आहे. हुकूमनाम्यात देणे ९,००,००० च लिहून ‘थकल्यास १०,८०,०००’ अशी रचना असती, तर दंडाचा युक्तिवाद बराच जोर धरू शकला असता. पैसे तेच, पण कोणता आकडा आधी लिहिला यावर वसुली अवलंबून. ९ टक्के व्याज हुकूमनाम्यातच असल्याने त्याच्या मागे जाण्याचा अधिकार अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयाला नव्हता.

शिक्षकांनी नवे हप्ते बांधून मागितले. आदेश २० नियम ११(२) प्रमाणे हुकूमनाम्यानंतर हप्ते द्यायचे तर हुकूमनामाधारकाची संमती लागते, आणि अनुच्छेद १२६ प्रमाणे अर्जाची मुदतही हुकूमनाम्यापासून ३० दिवसच. संमती मिळाली नाही. अर्ज नामंजूर.

१४ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाने कसूर सिद्ध ठरली, आणि वसुलीयोग्य मुद्दल १०,८०,००० वजा ४,००,००० म्हणजे ६,८०,००० निश्चित झाले. राहुल शाह विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी (२०२१) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितले आहे. इथे नुसता आक्षेप निकाली निघायला साडेसात महिने लागले, आणि त्यातले बरेचसे सहकारी शिक्षकाच्या साक्षीच्या तारखांत गेले. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कलम ४७ खालचा आदेश ‘हुकूमनामा’ राहिलेला नाही, त्यामुळे त्यावर अपील होत नाही. कलम ११५ चे पुनरीक्षण किंवा संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालय, एवढेच मार्ग उरतात. शिक्षकांनी ते घेतले नाहीत.

मध्येच भरलेले दोन लाख

दरखास्त चालू असताना, १० ऑगस्ट २०२३ ला ऋणकोने हक्क राखून २,००,००० न्यायालयात भरले आणि त्याच दिवशी दरखास्तदाराच्या वकिलांना नोटीस दिली. नोटीस महत्त्वाची, कारण न्यायालयात भरलेल्या पैशांवरचे व्याज नियम १(४) प्रमाणे नोटीस पोचल्यापासून थांबते, भरल्यापासून नव्हे. थेट हुकूमनामाधारकाला दिलेल्या पैशांवर मात्र दिल्या तारखेपासून थांबते.

ऋणकोच्या मते देणे ६,८०,००० वरून ४,८०,००० वर आले. तसे झाले नाही. गुरप्रीत सिंग विरुद्ध भारत सरकार (२००६) या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे, हुकूमनाम्यात वेगळे काही नसेल तर अपुरे भरलेले पैसे आधी व्याजात, मग खर्चात आणि शेवटी मुद्दलात जातात. सवलत चालू असतानाच्या हप्त्यांबाबत ‘वजा जाता शिल्लक’ असे शब्द होते म्हणून ते मुद्दलातून गेले. सवलत संपल्यावर भरलेल्या रकमेला ते शब्द लागत नाहीत असे न्यायालयाने धरले. ६,८०,००० वर ४०२ दिवसांचे व्याज ६७,४०४. दोन लाखांतून ते आधी गेले, १,३२,५९६ मुद्दलात उतरले, आणि मुद्दल राहिले ५,४७,४०४.

वसुली

दरखास्तदाराला सुरुवातीला अटकेचे वॉरंट हवे होते. पुष्कळांना तेच आधी सुचते. जॉली जॉर्ज व्हर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन (१९८०) नंतर ऐपत असून बुडवण्याचा इरादा दाखवल्याशिवाय कलम ५१ खाली कैद होत नाही. कारणे दाखवा नोटीस आणि चौकशी आलीच. कैद्याचा भत्ता दरखास्तदारानेच भरायचा, आणि कैद जास्तीत जास्त तीन महिन्यांची. त्यानंतर माणूस सुटतो, देणे तसेच राहते. पगारदार, स्थावर असलेल्या ऋणकोविरुद्ध हा मार्ग पैसे आणत नाही.

त्याऐवजी नियम ४१(२) खाली मालमत्तेचे शपथपत्र मागितले. ते न दिल्यास किंवा टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हा धाक अटकेच्या अर्जापेक्षा जास्त उपयोगी पडतो. शपथपत्रात पगार, तोच प्लॉट आणि वडिलोपार्जित घरातला अविभक्त हिस्सा निघाला.

पगार: कलम ६०(१)(आय) प्रमाणे पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. जप्तीमुक्त भत्ते वगळून पगार ६१,०००. त्यातून १,००० वजा, उरलेल्या ६०,००० चे ४०,००० सुटतात, दरमहा २०,००० जप्त होतात. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिने झाले की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. म्हणजे पगारातून जास्तीत जास्त ४,८०,०००. नियम ४८ चा आदेश पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे, ऋणकोच्या शालार्थ (शिक्षकांच्या वेतनप्रणालीतल्या) तपशिलासह पाठवावा लागतो. शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेलेला आदेश नुसता फिरत राहतो. आदेश मिळूनही पूर्ण पगार दिला गेला तर तेवढ्या रकमेची जबाबदारी त्या स्थानिक संस्थेवर येते.

पहिले २०,००० न्यायालयात १० एप्रिल २०२४ ला जमा झाले. तोवर ५,४७,४०४ वर २४४ दिवसांचे ३२,९३४ व्याज साचले होते. सगळे वीस हजार व्याजातच गेले, वर १२,९३४ राहिले. दुसऱ्या महिन्यात मुद्दलाला मिळाले जेमतेम ३,०१७. नुसत्या पगारावर विसंबले असते तर २४ महिन्यांनंतरही लाखावर मुद्दल उरले असते.

म्हणून त्याच वेळी नियम ५४ खाली प्लॉटची जप्ती घेतली. बेलीफाने जागेवर दवंडी दिली, आदेशाची प्रत प्लॉटवर, न्यायालयात आणि ग्रामपंचायतीत लावली. बेलीफाच्या अहवालात चतुःसीमा आणि पंचांच्या सह्या नीट आहेत का हे त्याच दिवशी पाहावे. प्लॉटचा गट क्रमांक जुना लिहिला गेल्यामुळे इथे एकदा जप्ती परत करावी लागली. जप्तीनंतर ऋणकोने केलेली विक्री कलम ६४ मुळे दरखास्तदारापुरती निरर्थक ठरते, पण घेणाऱ्याला ते आधीच कळावे म्हणून तलाठ्याला पत्र देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद करून घेतली. घरातला अविभक्त हिस्सा जप्त करता आला असता, मात्र लिलावात घेणाऱ्याला पुढे वाटपाचा दावा करावा लागतो, म्हणून त्याला बोली येत नाही. तो सोडला. शेतकऱ्याच्या घराला असलेले कलम ६०(१)(सी) चे संरक्षण इथे लागत नव्हते, कारण उपजीविका मुख्यत्वे पगारावर होती.

प्लॉटवर भावांची जुनी हरकत होतीच. नियम ५८ खाली त्यांचा दावा येणार हे दिसत होते, आणि लिलावाच्या जाहीरनाम्याची नियम ६६ ची नोटीस निघताच भावांनीच मध्यस्थी केली. शिक्षकांचा हिस्सा भावांनी घेतला, ती रक्कम न्यायालयात भरली, आणि उरलेल्या व्याजातले थोडे दरखास्तदाराने सोडले. सोडलेला आकडा पुरशिसीत अक्षरी लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, न्यायालयाने नियम २ खाली पूर्णफेडीची नोंद केली, मगच दरखास्त निकाली निघाली.

पूर्णफेड झाली की नियम ५५ प्रमाणे जप्ती उठल्याचे धरले जाते, पण सातबाऱ्यावरची नोंद आणि पगारातली कपात आपोआप थांबत नाही. त्याच दिवशी अर्ज देऊन तलाठ्याच्या आणि पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे न्यायालयाची दोन वेगळी पत्रे घ्यावी लागतात. पत्र उशिरा गेले आणि एखादा महिना जास्त कापला गेला, तर ते २०,००० न्यायालयात जमा होतात आणि परत काढण्यासाठी ऋणकोला वेगळा अर्ज, ओळखपत्र आणि बँक तपशील देऊन नाझर विभागातून पैसे उचलावे लागतात.